वाक्प्रचाराचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. भाषा शिकताना मात्र वाक्प्रचाराचे मूळ विचारलेच पाहिजे, असे आमचे मत आहे. इंग्रजीच्या अध्यापनात नेमके तेवढेच राहून जाते. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, अशी यादी विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत गुण मिळवितात आणि सुट्टी लागताच विसरतात. ज्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही, ज्यांच्या आईवडिलांनी शेतात, वीटभट्टीवर वा ऊसतोडीवर राबून त्यांना वसतिगृहात पाठविले, त्या मुलांना ही यादी म्हणजे कुलूपबंद पेटीच होय. तिची किल्ली शिक्षकांनी द्यावयास हवी.

दहावीचा निकाल लागला की अभिनंदनाच्या फलकांवर 'फ्लाइंग कलर्स' हे शब्द हटकून झळकतात. मुलांना त्यात उधळलेला गुलाल दिसतो. वस्तुतः येथे 'कलर्स' म्हणजे जहाजाची निशाणे. हार मानणारे जहाज निशाण उतरवीत असे. जिंकलेले जहाज ते फडकवीत बंदरात परते. एवढे सांगितले की अर्थ पाठ करावा लागत नाही. काही वाक्प्रचारांना तेवढेही लागत नाही. आगीत तेल ओतणे, डोळ्यांत धूळ फेकणे, हाताबाहेर जाणे, हे इंग्रजीतही जवळजवळ तसेच आहे. मध्यरात्री तेल जाळणे म्हणजे काय, हे कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या पिढीच्या नातवंडांना वेगळे सांगावे लागू नये. इंग्रजीत कुत्र्या-मांजरांचा पाऊस का पडतो, याचा खात्रीचा उलगडा मात्र कोशकारांनाही झालेला नाही. आपल्याकडे तरी मुसळे कोठे पडतात! तेथे न रेंगाळता पुढे जावे.

'व्हाइट एलिफंट'पाशी मात्र थांबावेच लागते. सयामचा राजा ज्या दरबाऱ्यावर नाराज होई, त्याला पांढरा हत्ती भेट देई, अशी आख्यायिका आहे. पवित्र म्हणून त्याला कामास जुंपता येत नसे, राजाची भेट म्हणून टाकताही येत नसे. पोसता पोसता दरबारी कंगाल होई. त्यावरून खर्चीक आणि निरुपयोगी वस्तूस इंग्रजीत हे नाव पडले. मराठी वृत्तपत्रांनीही तोट्यातील प्रकल्पांसाठी 'पांढरा हत्ती' उचलला. परंतु प्राचीन बौद्ध कथांत महामायेच्या स्वप्नात येतो तोही श्वेत हत्तीच. भारहूतच्या शिल्पात ते स्वप्न कोरलेले आहे, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगविलेले आहे. मंगल चिन्ह मानलेला हा प्राणी इंग्रजीत ओझे होऊन बसला. आमच्या विद्यार्थ्याला हे दोन्ही हत्ती ओळखता आले पाहिजेत.

याहून गंभीर गोष्ट 'परिया' या शब्दाची. वाळीत टाकलेल्या माणसाला इंग्रजीत 'परिया' म्हणतात. एकाकी पडलेल्या राष्ट्राला 'परिया स्टेट' म्हणतात. शब्दार्थाच्या यादीत 'बहिष्कृत' एवढेच लिहिलेले असते. हा शब्द तमिळ प्रदेशातील परैयर या जातीच्या नावावरून सतराव्या शतकात इंग्रजीत गेला. परै म्हणजे ढोल. तो वाजविणारे ते परैयर, अशी त्याची व्युत्पत्ती कोशांत दिलेली आहे. म्हणजे जिवंत माणसांच्या एका समाजाचे नाव जगाच्या भाषेत तिरस्काराचा शब्द बनले, आणि ते वापरणाऱ्या संपादकांना बहुधा त्याची जाणीवही नसते. त्याच समाजातील रेट्टमलै श्रीनिवासन यांनी 1893 साली मद्रासेत वृत्तपत्र काढले, तेव्हा त्याला 'परैयन' हेच नाव दिले. पुढे 1930 साली लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत बसले. बाबासाहेबांनीही 1927 साली आपल्या पाक्षिकाच्या नावात 'बहिष्कृत' हा शब्द मुद्दाम घेतला होता.

इंग्रजी आमच्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे. उच्च शिक्षणाची आणि न्यायालयाची दारे अजून तीच उघडते, म्हणून वाक्प्रचार गाळून चालणार नाही. 'परिया' वाचनात आल्यास त्यांना अर्थ कळावा आणि कोणाचे नाव आपण वाचतो आहोत, हेही कळावे. स्वतःच्या निबंधात तो लिहावा की 'आउटकास्ट' लिहावे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. वर्गात हा वाद एकदा तरी व्हावा, त्यासाठी एक तासिका खर्च झाली तरी हरकत नाही.