आइसक्रीमची रांग आणि बँकेचा हप्ता

यंदा नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, 22 सप्टेंबर 2025 रोजी, आइसक्रीमवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. गरबा सुटल्यावर आपल्या बडोद्यात आइसक्रीमच्या दुकानांपुढे मध्यरात्री जी गर्दी होते ती पाहता सरकारने मुहूर्त चांगला साधला म्हणायचा. 100 रुपये मूळ किमतीच्या डब्याला काल 118 मोजत होतो, आज 105.

आठवडाभरातच माझे एक जुने स्नेही आपला मुलगा आणि सून यांना घेऊन घरी आले. आपल्या मंडळातलेच कुटुंब आहे, नाव सांगत नाही. ही दोन्ही मुलं गेली दोन वर्षं घरच्या घरी आइसक्रीम बनवून ऑर्डरप्रमाणे विकतात. पेरू-मिरची, खरवस, काळे तीळ-गूळ, आणि खास बडोद्याचा म्हणून लीलो चिवडो घातलेलं एक. ते शेवटचं मी खाल्लं आहे. पहिल्या चमच्याला हसू येतं, तिसऱ्या चमच्यानंतर वाटी रिकामी होते. आता कर उतरला, मागणी वाढणार, म्हणून मकरपुऱ्याला शेड घेऊन छोटा कारखाना टाकायचा विचार आहे. खर्च 60 लाख. तारण म्हणून आईवडिलांचा राहता फ्लॅट.

"काका, प्रोजेक्ट रिपोर्ट तेवढा बघून द्या," मुलगा म्हणाला.

रिपोर्ट बघताना मला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका कंपनीची आठवण झाली. 'अँपल हिल्स क्रीमरी' हे तिचं नाव, वॉल्ट व्हिटमनच्या कवितेतून घेतलेलं. ब्रायन स्मिथ आणि जॅकी कस्कुना या पतीपत्नींनी 2011 मध्ये पहिलं दुकान काढलं. नवरा टीव्हीसाठी राक्षसांचे सिनेमे लिहिणारा, बायको शिक्षिका. त्यांच्या चवी विक्षिप्त होत्या. खाऱ्या कॅरामलमध्ये क्रॅकर बिस्किटांचे गोड-खारट तुकडे. प्रेट्झेलची चव उतरवलेल्या आइसक्रीममध्ये बटाट्याचे वेफर्स आणि खारी बिस्किटं. म्हणजे अमेरिकन लीलो चिवडोच. दुकान उघडलं आणि चार दिवसांत सगळा माल संपला. पुन्हा माल तयार होईपर्यंत दुकान बंद ठेवावं लागलं. याहून चांगली सुरुवात कोणत्या दुकानदाराला हवी असते?

पुढे डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांना हे आइसक्रीम आवडलं. 2015 मध्ये 'स्टार वॉर्स'च्या नावाचे डबे निघाले, मग फ्लोरिडात डिस्नेच्या आवारात दुकान. गुंतवणूकदारांनी 2015 मध्ये 40 लाख डॉलर दिले, नंतर आणखी 80 लाख. त्या पैशांतून 2018 मध्ये ब्रुकलिनच्या रेड हुक भागात 15,000 चौरस फुटांचा कारखाना उभा राहिला. बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला, सुरू व्हायलाही उशीर झाला. कारखाना भरपूर माल काढू शकत होता, पण तेवढा खपवायचा तर आणखी दुकानं हवीत. दुकानांना भाडं आणि पगार हवेत. शिवाय आइसक्रीममध्ये घालायचे केक, बिस्किटं सगळं स्वतःच भाजायचं हा त्यांचा हट्ट. मार्च 2020 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कोविडचे दिवस सुरू होत होते हे खरं, पण तोटा त्याआधीपासूनचा होता. काही महिन्यांत सगळा धंदा सुमारे 10 लाख डॉलरला विकला गेला, तोही ओरेगनमधल्या मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला! त्यांनाही तो जमला नाही. 2022 संपता संपता दुकानं बंद झाली. 2023 मध्ये मूळ जोडप्याने थोडक्या पैशांत नाव परत मिळवून ब्रुकलिनमध्ये पुन्हा दुकान उघडलं.

या सगळ्यात आइसक्रीम वाईट झालं असं कोणीही म्हटलं नाही, आणि मुलांना मला तेच सांगायचं होतं. रांग शेवटपर्यंत होती.

हाताने बनवलेल्या आइसक्रीमचं गणितच वेगळं आहे. मोठ्या कारखान्यात मिश्रण गोठवताना त्यात हवा घालतात. एक लिटर मिश्रणाचं जवळजवळ दोन लिटर आइसक्रीम होऊ शकतं. आपल्याकडे नियमाने साध्या आइसक्रीमचं वजन लिटरला किमान 525 ग्रॅम आणि दुधाची स्निग्धता किमान 10 टक्के लागते, त्यामुळे हवेलाही मर्यादा आहे. छोट्या यंत्रात हळूहळू फिरवलेल्या आइसक्रीममध्ये हवा फार कमी, लिटरचं सव्वा ते दीड लिटर. लहानपणी मीठ-बर्फाच्या पॉटचा दांडा ज्यांनी फिरवलाय त्यांना ते घट्ट, जड आइसक्रीम आठवत असेल. म्हणजे चव छान, पण त्याच दुधात कारखानदार आपल्या दीडपट वाट्या भरतो. त्यात मिरची भाजणं, चिवडा मऊ पडू नये म्हणून ऐनवेळी घालणं, हे सगळं हातानेच. उत्पादन दुप्पट केलं की हातही दुप्पट लागतात. स्टीलच्या कारखान्यात मोठ्या उत्पादनाने जी बचत होते ती इथे होत नाही, किंवा फार उशिरा होते.

आणि विचित्र चवींबद्दल माझं एक निरीक्षण, दुकानात नातवाबरोबर उभं राहून केलेलं. लोक मिरचीच्या आइसक्रीमचा चमचा चाखतात, फोटो काढतात, आणि विकत घेतात चॉकलेट. विचित्र चव ही जाहिरात असते. तिचा खर्च मालाच्या खात्यात नव्हे, जाहिरातीच्या खात्यात लिहिला तर हिशेब खरा दिसेल. मुलांच्या रिपोर्टमध्ये बाराही चवींचा खप समान धरला होता.

मग वाढायचंच नाही का, असं सूनबाईंनी विचारलं. प्रश्न योग्य होता. तिला मी रघुनंदन कामतांचं उदाहरण दिलं. मंगळूरजवळच्या मुल्कीचे, फळविक्रेत्याचा मुलगा. 14 फेब्रुवारी 1984 ला त्यांनी मुंबईत जुहूला 'नॅचरल्स' सुरू केलं. नुसतं आइसक्रीम खायला लोक येतील याची खात्री नव्हती, म्हणून तिखट पावभाजीही ठेवली. वर्षभराने आइसक्रीम चालतं असं दिसल्यावर पावभाजी बंद केली. सीताफळ, फणस, शहाळं या चवी तेव्हा आइसक्रीममध्ये नवलाच्याच होत्या, पण पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाच्या जिभेला अनोळखी नव्हत्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. दहा वर्षांनंतरही त्यांची दुकानं बोटांवर मोजण्याइतकीच होती. फळांच्या बिया-साली काढायला गरजेप्रमाणे यंत्रं बनवून घेतली, आणि पुढे दुकानांचा विस्तार मुख्यतः फ्रँचायझीच्या भांडवलावर केला. मे 2024 मध्ये कामत गेले तेव्हा दीडशेच्या वर दुकानं होती. ते घाबरट होते असं कोणी म्हणणार नाही. आधी विक्री, मग यंत्र, मग दुकान हा क्रम त्यांनी सोडला नाही, इतकंच.

आता कराकडे येतो, कारण सगळा उत्साह तिथून सुरू झाला. 5 टक्के हा दर गिऱ्हाइकाला स्वस्त पडतो हे उघड आहे. कारखाना टाकणाऱ्याला मात्र दुसरी बाजूही बघावी लागेल. यंत्रांवर 18 टक्के, जागेच्या भाड्यावर 18 टक्के, प्लास्टिकच्या डब्यांवर 18 टक्के भरायचे आणि विक्रीवर 5 टक्के वसूल करायचे. भरलेल्या कराची वजावट मिळते, पण पूर्वी जी वजावट काही महिन्यांत वळती झाली असती ती आता बराच काळ खात्यात पडून राहील. यंत्रांवरच्या कराचा रोख परतावा या कारणाने मिळत नाही. 30 लाखांच्या यंत्रांवर 5 लाख 40 हजार कर होतो. ही रक्कम रिपोर्टमध्ये खेळत्या भांडवलात धरलेली नव्हती. शिवाय छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेतून आइसक्रीम बनवणाऱ्यांना 2017 पासूनच वगळलं आहे, पानमसाला आणि तंबाखूच्या पंगतीत बसवून. खरवसाचं आइसक्रीम आणि तंबाखू एका यादीत का, हे मला कळलेलं नाही.

हे सगळं ऐकून स्नेही म्हणाले, "तू बँकेत असतास तर हे कर्ज दिलं असतंस का, खरं सांग."

खरं सांगितलं. दिलं असतं. फ्लॅटची किंमत कर्जाच्या दीडपट आहे, कागदपत्रं स्वच्छ आहेत, वडिलांचं पेन्शन आहे. माझ्या नोकरीच्या काळात मी अशा एका फरसाणवाल्याची फाइल मंजूर केली होती. माल उत्तम, दुकानात गर्दी, तारण पक्कं. त्याने मोठी इमारत घेतली आणि तीन वर्षांत हप्ते थकले. बँकेचा एक रुपयाही बुडाला नाही. घर मात्र गेलं. शाखेच्या दृष्टीने ती वसुली यशस्वी होती, माझ्या गोपनीय अहवालात तिचा चांगला उल्लेखही झाला. बँक तारण बघते ते बँकेच्या सुरक्षिततेसाठी. धंदा चालेल की नाही याची खात्री त्यातून मिळत नाही, आणि मंजुरीपत्र हातात आलं की घरच्यांना ते नेमकं तसंच वाटतं.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग माझ्या सौ.ने चहा आणला.

मी सुचवलं ते असं. कारखाना सध्या नको. मुलांच्या स्वतःच्या बचतीत आणि बिगरतारण छोट्या कर्जात बसेल असं एक बॅच फ्रीझर आणि एक गाळा. सहा चवी, त्यांतल्या चार ओळखीच्या. फ्लॅटचे कागद कपाटातच राहू देत. मुलाचा चेहरा पडला, कारण मकरपुऱ्याची शेड त्याने बघून ठेवली आहे आणि मालक महिनाभरच थांबणार आहे. सूनबाईंनी मात्र वही काढली. गेल्या दोन वर्षांतल्या डिसेंबर-जानेवारीच्या ऑर्डरी रिपोर्टमध्ये वेगळ्या दाखवल्याच नव्हत्या, वर्षाची सरासरी टाकली होती. त्या महिन्यांचा खरा खप किती, आणि तेवढ्यावर हप्ता निघतो का, हे मांडून ती संक्रांतीनंतर येणार आहे. येताना तीळ-गुळाचं आइसक्रीम आणायला सांगितलं आहे.