दप्तराविना दहा दिवस

सन 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत एक शिफारस आहे. इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांनीं केव्हां तरी दहा दिवस दप्तर घरीं ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशांच्या हाताखालीं उमेदवारी करावी. शिफारस स्तुत्य आहे. परंतु कित्येक शाळांतून तिची जी वासलात लागते ती पाहून आम्हांस चार शब्द लिहिणें भाग पडत आहे. एके दिवशीं कुंभारवाड्याशीं बस नेऊन उभी करावयाची, मुलांनीं चाकाभोंवतीं कडें करावयाचें, एखाद्या धीट मुलानें चिखलांत बोटें बुडवावयाचीं, तेवढ्यांत छायाचित्र निघावयाचें, आणि परततांना वाटेंत डबे सोडावयाचे! सहलीशीं आमचें वैर नाहीं. मात्र तिला सहल म्हणावें, शिक्षण म्हणूं नये.

शिक्षण कशास म्हणावें हें पाहावयाचें असेल तर फार दूर जाण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत पाबळ म्हणून गांव आहे. पाऊस बेताचा, शेती बहुतेक कोरडवाहू. डॉ. श्रीनाथ कालबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईच्या संशोधनकेंद्रांतील मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून 1983 सालीं तेथें राहावयास गेले व त्यांनीं ‘विज्ञान आश्रम’ उभा केला. 2003 सालीं ते निवर्तले. संस्था चालू आहे. त्यांनीं आंखलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठीं असून त्यास शालान्त परीक्षा मंडळाची मान्यताही मिळाली. आठवड्यांतील एक सबंध दिवस हातकामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. आणि ते चारही मुलगे व मुली या दोघांनींही करावयाचे. मुलींनीं वेल्डिंग करावें आणि मुलग्यांनीं स्वयंपाक, हें तेथें कोणास नवल वाटत नाहीं. शिकविणारे पुष्कळदां गांवांतलेच कसबी लोक. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, मुलें जें शिकतात तें गांवच्या लोकांना करून देतात. कोणाचें फाटक, कोणाच्या शेतांतील मातीची परीक्षा, कोणाच्या रक्ताचा गट.

ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. वहींतील उदाहरण चुकलें तर तांबडी फुली मिळते व प्रकरण मिटतें. फाटक बसलें नाहीं तर धनी दारांत उभा राहतो.

पाया आंखतांना गवंडी काय करतो तें कधीं पाहिलें आहे काय? कोपऱ्यापासून एका बाजूस तीन फुटांवर, दुसऱ्या बाजूस चार फुटांवर तो खूण करतो, आणि दोन्ही खुणांमधलें अंतर नेमकें पांच फूट भरेपर्यंत दोरी सरकवीत राहतो. पायथागोरसचा सिद्धांत घडाघडा म्हणणाऱ्या मुलास तोच कोपरा काटकोनांत आणावयास सांगा. तो गुण्या शोधूं लागेल! तीच कथा काँक्रीटची. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी हें प्रमाण पाठ होतें. पाणी अधिक घातलें कीं माल कालवावयास सोपा जातो, म्हणून मुलें तें हटकून अधिक घालतात. सिमेंटशीं संयोग न पावलेलें पाणी पुढें उडून जातें आणि आंत बारीक पोकळ्या ठेवून जातें. दोन ठोकळे सात दिवस ओले ठेवून मग हातोडीखालीं घातले म्हणजे कोणता आधीं फुटतो व कां, हें मुलाला जन्मभर विसरतां येत नाहीं. पुढें हिशेब येतो. माल किती, मजुरी किती, हत्यारांची झीज किती; आणि येथें बहुतेक मुलांस प्रथमच कळतें कीं मजुरी हा आंकडा कोणा तरी माणसाचा दिवस असतो.

ही कल्पना अगदीं नवी आहे असेंही नाहीं. ऑक्टोबर 1937 मध्यें वर्ध्यास भरलेल्या परिषदेंत महात्मा गांधींनीं उद्योगांतून शिक्षणाची योजना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिला अभ्यासक्रमाचें रूप दिलें. ती कां मावळली याचीं कारणें अनेक. शाळेचा खर्च मुलांच्या कामांतून निघावा हा आग्रह पुष्कळांस खटकला. शिक्षकांच्या हातीं कसब नव्हतें. कित्येक ठिकाणीं चरखा नुसता उपचार होऊन बसला. परंतु आणखी एक कारण आहे आणि तें आपल्या उंबरठ्याच्या आंतलें आहे. तें शिक्षण ‘त्यांच्या’ मुलांसाठीं उत्तम, असें म्हणत सुशिक्षित घरांनीं आपलीं मुलें मात्र इंग्रजी शाळेंत धाडलीं. लेखणीला आपल्या घरांत जो मान, तो करवतीला कधीं मिळाला? दिवाणखान्यांत श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान चाललें असतां माजघराचें दार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीस ‘अरे’ म्हणून हांक जाते, आणि त्याचा चहा वेगळ्या कपांतून बाहेर येतो. मुलें हें पाहतात. दहा दिवसांची उमेदवारी त्यांच्या मनांतून हें पुसूं शकेल, असा भाबडा विश्वास आम्ही बाळगीत नाहीं. निदान शाळेंत त्या मिस्त्रीस ‘अहो’ म्हणण्याची संवय लागली, तर घरांतील वडीलधाऱ्यांस थोडें अवघडल्यासारखें होईल, आणि तें व्हावें.

गुणांची भीति मात्र आम्ही पोकळ समजत नाहीं. दहावीच्या वर्षीं मुलाचा वेळ जाऊं नये असें आईबापांस वाटणारच. म्हणूनच सहावी ते आठवी हा काळ योग्य. मात्र दहा दिवस वर्षभर विखरून दिले तर हात बसत नाहीं. निदान पांच तरी ओळीनें असावेत. एका कारागिराकडे आठदहांपेक्षां अधिक मुलें नसावीं. करावयाची वस्तु कोणाला तरी खरोखरीच हवी असावी. शाळेचीं मोडकीं बाकें आहेतच. गणिताच्या व विज्ञानाच्या शिक्षकांनीं त्या दिवसांत सुटी न समजतां तेथें हजर राहून काटकोन, प्रमाण, भागाकार हीं जागच्या जागीं दाखवावीं. हत्यारें धारेचीं असतात. तीं कशीं धरावीं हें पहिल्या तासाला, आणि औषधाची पेटी जवळ.

राहिला मिस्त्रीच्या पैशांचा प्रश्न. बाहेर तो जो रोज घेतो तोच शाळेनें त्यास द्यावा. पाहुणा म्हणून नारळ व शाल देऊन त्याचा दिवस फुकट घेऊं नये. पालकसभेंत इतर चौकशा होतातच; यंदा तेवढी एक चौकशी आमच्या वाचकांनीं अवश्य करावी.