रिकाम्या टाकीचे भय

बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात सिरसाळा नावाचे गाव आहे. तेथून समुद्र कितीतरी दूर. मध्ये अर्धा महाराष्ट्र आणि वर सह्याद्री. तेव्हा सिरसाळ्याचे नाव घेऊन जुन्या होडीच्या पोटातील डिझेलची टाकी कशी बदलावी हे सांगू लागलो, तर वाचक म्हणतील, स्वारीला दिवाळीचा फराळ बाधलेला दिसतो! पण थोडे थांबा. होडी आणि ट्रॅक्टर यांचे गोत्र एकच आहे, आणि या गोत्राचा शाप तुमच्या-आमच्या माळ्यावरच्या डब्यालाही लागू आहे.

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातून लक्षावधी ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्याबरोबर ट्रक आणि ट्रॅक्टरही निघतात. निघण्यापूर्वी गाड्यांची डागडुजी होते. एखाद्या गाडीची टाकी पाझरत असली, तर ती उतरवून वेल्डिंगच्या दुकानी नेली जाते. तेथे ठरलेला प्रश्न येतो, ‘‘टाकी रिकामी आहे ना?’’ ठरलेले उत्तर मिळते, ‘‘थेंबसुद्धा नाही, दादा!’’ आणि दोघेही निर्धास्त होतात. खरे तर भिण्याची वेळ नेमकी हीच असते.

याचे कारण असे, की तेल जळत नाही, तेलाची वाफ जळते. आणि तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात आहे. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी. रिकाम्या टाकीत मात्र हवा भरपूर, आणि सांध्यांत व गंजाच्या खपल्यांत मुरलेले तेल वाफ पुरवायला तयार. डिझेल थंडपणी फारशी वाफ सोडत नाही, म्हणून लोक त्याला गरीब समजतात. पण वेल्डिंगच्या ज्योतीने पत्रा तापला की हा गरीबही उग्र होतो. मग टाकीचा बाँब व्हायला एक ठिणगी पुरते.

हे केवळ खेड्यातील दुकानांपुरते खरे आहे असे नव्हे. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टी.डब्ल्यू.ए. कंपनीचे विमान उड्डाणानंतर बारा मिनिटांतच फुटून समुद्रात कोसळले आणि २३० माणसे दगावली. चार वर्षांच्या चौकशीनंतर निष्कर्ष निघाला, की मधल्या, जवळजवळ रिकाम्या टाकीतील वाफेने पेट घेतला होता. पुढे २००८ साली अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांच्या टाक्यांतील वाफ पेटू नये, असा बंदोबस्त करण्याचा नियम केला. त्यासाठी रिकाम्या जागेत नायट्रोजन सोडतात. त्यात काही जळत नाही.

आता होडीकडे वळू. कोकणच्या बंदरांत पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा नौका ओढून दुरुस्तीला घेतात. जुन्या नौकेत टाकी आधी बसवलेली असते आणि डेकच्या फळ्या नंतर ठोकलेल्या असतात. म्हणजे घर बांधताना कपाट आत ठेवून मग दार लहान करावे, तसा प्रकार! टाकी दोन्हीकडून कुजते. बाहेरून तळाचे खारे पाणी तिला खाते. आतून, अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवेचे रात्री पाणी होते, ते डिझेलखाली बसते आणि पत्रा पोखरते. फिल्टर वारंवार तुंबू लागला, तळाच्या पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसू लागला, की टाकीचे आयुष्य संपले असे समजावे.

अशी टाकी काढायची तर आधी बॅटरी सोडवावी, हातपंपाने डिझेल उपसावे, तळाचा गाळ काढावा आणि वारा खेळता ठेवावा. मग एक तर इंजिन हलवून टाकी आडवी ओढायची, नाही तर डेकच्या फळ्या तुळईच्या रेषेवर कापायच्या, म्हणजे तोच तुकडा पुढे झाकण म्हणून बसवता येतो. टाकीच कापून तुकड्यांनी काढण्याचा मोह होतो. पण ती धुऊन, आतली वाफ गेली आहे हे गॅसमापकाने तपासल्यावाचून ज्योत, कटर किंवा ग्राइंडर जवळ आणू नये. नाकावर विश्वास ठेवू नये. नाकाला वासाची सवय फार लवकर होते.

नवी टाकी बसवताना तिच्यात आडपडदे हवेत, म्हणजे लाटेबरोबर डिझेल एका बाजूला धावत नाही. ४०० लिटर डिझेलचे वजन सुमारे ३३० किलो भरते. एवढा भार धावू लागला तर नौका कलते. टाकी रबरी पट्ट्यांवर टेकवावी, खाली पाणी साठू देऊ नये, भोवती हवा फिरू द्यावी. वाफेची नळी डेकबाहेर काढून तिचे तोंड खाली वाकवावे आणि त्यावर जाळी लावावी. भरण्याच्या धातूच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक तार जोडावी, म्हणजे तेल ओतताना साचणारी वीज ठिणगी न पाडता निघून जाते. आणि फळ्या परत ठोकण्यापूर्वी हलक्या दाबाची हवा भरून सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहावा. फळी ठोकल्यावर कळलेला दोष हा दुप्पट खर्चाचा दोष असतो.

मुंबई-पुण्याच्या वाचकांना याचे काय, असे कोणी विचारील. तुमच्या घरी होडी नसेल. पण रंगाचा, थिनरचा किंवा रॉकेलचा रिकामा डबा असेल, जुन्या स्कूटरची टाकी असेल, किंवा पाण्यासाठी अर्धे कापून घ्यायचे ठरलेले पिंप असेल. ते कापायला कटर घेऊन एखादा अठरा वर्षांचा पोरगा येईल. त्याला मजुरी विचारण्याआधी एवढेच विचारा, ‘‘यात पूर्वी काय होते? आतून नीट धुतले आहे का?’’ उत्तर पक्के नसेल, तर काम थांबवा आणि जमेल तिथे नवे पिंप विकत घ्या. नव्या पिंपाची किंमत पोराच्या आईच्या दिवाळीपेक्षा जास्त नाही.