सुप्यात कारखाना आला, पण ड्रॉइंग कुठे बनतं?

पुण्याहून शनिशिंगणापूरला जाताना शिरूर मागे पडलं की सुप्याची एमआयडीसी लागते. इथे जपानी कंपन्यांसाठी वेगळी जागा राखलेली आहे, कॅरियर मिडियाचा एसीचा कारखानाही इथेच आहे. पुढे शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. २०११ मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली. परदेशी कंपन्यांसाठी आपणही दार उघडंच ठेवतो: जमीन, वीज, सवलती. प्रश्न असा की त्या आपल्यासाठी कुठली खोली उघडतात?

तीन पायऱ्या

१. जुळणी: सुटे भाग बाहेरून येतात, इथे फक्त जोडले जातात.
२. स्थानिक पुरवठा: आसपासचे वर्कशॉप पार्ट बनवू लागतात.
३. डिझाइन: ड्रॉइंग इथे बनतं, इथेच बदलतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या पायरीवर हातात फक्त तयार ॲप असतं. सोर्स कोड तिसरीवर मिळतो.

कमिन्स चढली

१९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, डिझेल इंजिनं बनवायला. १९९१ मध्ये कंपनीच्या मदतीने महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. १९९७ मध्ये किर्लोस्कर बाहेर पडले, नाव कमिन्स इंडिया झालं. नंतर पुण्यात संशोधन केंद्रही आलं. म्हणजे तिसरी पायरी गाठायला साधारण चाळीस वर्षं लागली.

तळेगावात उलटं झालं

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही बंद केलं. कामगारांची लढाई कोर्टात गेली. पुढे कारखाना ह्युंदाईने घेतला. पण कंपनीचं बेंगळुरूचं टेक्निकल सेंटर मात्र चालूच राहिलं. जुळणी हलवता येते. डोकी हलवणं महाग पडतं.

मग सुप्याचं काय?

केंद्राने २०२१ मध्ये एसी आणि एलईडीसाठी ६,२३८ कोटींची पीएलआय योजना आणली. तिचा भर कॉम्प्रेसरसारखे सुटे भाग देशात बनवण्यावर आहे, म्हणजे दुसऱ्या पायरीवर. तीही गरजेचीच आहे. पण नगर जिल्ह्यातल्या डिप्लोमावाल्या पोरांनी तिथे इंटरव्ह्यूला जाताना पगाराबरोबर एक प्रश्न नक्की विचारावा: पार्टमध्ये चूक सापडली, तर ड्रॉइंग बदलायचा अधिकार इथल्या कुणाला आहे का?