मागच्या रांगेतली नावे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की गावोगावच्या शाळांच्या जुन्या तुकड्या जाग्या होतात. कुणीतरी पुढाकार घेतो, दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप गट तयार होतो, हॉल ठरतो, वर्गणी ठरते, हयात असलेल्या गुरुजींना आणि बाईंना आमंत्रण द्यायला कोण जाणार ते ठरते. पाठोपाठ आवाहन येते : ‘ज्याच्याकडे शाळेचे जे फोटो असतील ते पाठवा, सोबत एखादी आठवण लिहा, स्मरणिका काढायची आहे.’ मग कपाटाच्या वरच्या कप्प्यातले अल्बम खाली उतरतात आणि निरोप समारंभाचा कृष्णधवल फोटो सापडतो. मधोमध खुर्चीत मुख्याध्यापक, दोन्ही बाजूंना शिक्षक, पुढे मांडी घालून बसलेल्या मुली, मागे बाकांवर उभी राहिलेली मुले आणि पुढ्यात ‘इयत्ता दहावी अ’ लिहिलेली पाटी.

फोटो गटावर पडतो आणि पहिला प्रश्न येतो : ‘मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण?’ चेहरा ओळखीचा असतो, नाव अगदी ओठांवर असते, पण बाहेर येत नाही. गटावर हशा उडतो. मात्र पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या पोटात त्याच वेळी बारीकसा गोळा येतो. घरात आईचा किंवा वडिलांचा स्मृतिभ्रंश जवळून पाहिला असेल तर अधिकच. ज्याच्याबरोबर तीन वर्षे डबा खाल्ला त्याचेच नाव आठवू नये, म्हणजे आपलीही सुरुवात झाली की काय?

ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. त्याचा पुरावाही शाळेच्या फोटोंनीच दिलेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शाळा सोडून काही महिन्यांपासून जवळपास पन्नास वर्षांपर्यंतचा काळ लोटलेल्या ३९२ जणांची परीक्षा त्यांच्याच शाळेच्या वार्षिकांतील फोटो घेऊन करण्यात आली. अनोळखी चेहऱ्यांत मिसळलेला वर्गमित्राचा चेहरा ओळखायला सांगितले, तेव्हा सुमारे पस्तीस वर्षांनंतरही दहापैकी नऊ चेहरे बरोबर ओळखले गेले. पण फोटो पाहून नाव सांगा म्हटल्यावर चित्र पालटले. वर्षे वाढत गेली तशी ही क्षमता घसरत गेली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावरील वर्षांत बरीच खाली आली. ओळखणे आणि आठवणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत. चेहरा ओळखताना समोर खूण असते. नाव मात्र मेंदूला आतून शोधून काढावे लागते आणि नावाला तसा काही अर्थ नसल्याने त्याला धरून ठेवणारे धागेही कमी असतात. जुन्या वर्गमित्राचे नाव न आठवणे हा आजार नव्हे. कुणी पहिले अक्षर सांगितल्यावर नाव चटकन आठवत असेल, तर ती साठवण शाबूत असल्याचीच खूण आहे.

काळजीची लक्षणे वेगळी असतात. तोच प्रश्न अर्ध्या तासात चार वेळा विचारणे, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, वर्षानुवर्षे सांभाळलेला घरचा हिशेब अचानक न जमणे, परवा घरी येऊन गेलेला पाहुणा खूण सांगूनही न आठवणे. अल्झायमरमध्ये सहसा अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात आणि शाळेचे दिवस बराच काळ टिकून राहतात. म्हणून ‘बाबांना पन्नास वर्षांपूर्वीचे सगळे आठवते, त्यांची स्मृती उत्तम आहे’ या समजुतीवर विसंबू नये. अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे मंदावलेले काम, नैराश्य, अपुरी झोप किंवा झोपेच्या गोळ्या ही विसराळूपणाची कारणे तपासणीत सापडू शकतात आणि त्यांवर उपाय आहेत.

मग शाळेचेच दिवस इतके का टिकतात? मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला लावले, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. हा निष्कर्ष अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा मिळाला आहे. पहिली सहल, पहिले बक्षीस, पहिला अपमान, पहिली जिवाभावाची मैत्री या वयात होते आणि ‘मी कोण’ याचे उत्तरही याच वयात आकार घेते. त्यामुळे शाळेची आठवण लिहायला बसणारा माणूस नकळत स्वतःकडेच पाहत असतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये हा विचार ठामपणे मांडला. तोवर म्हाताऱ्या माणसाचे जुन्यात रमणे हे बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजले जाई. बटलर यांनी ते आयुष्याचा ताळा जुळवण्याचे निरोगी काम मानले. पुढे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जुने फोटो, वस्तू, गाणी यांच्या साहाय्याने आठवणी जागवणारे उपचार आले. त्यांचा परिणाम लहान आहे आणि सगळीकडे सारखा दिसत नाही. तरीही काही रुग्णांना त्यांचा उपयोग होतो.

आठवणींबाबत एक सावधगिरी मात्र हवी. आठवण ही कपाटात जपून ठेवलेल्या फोटोसारखी नसते. ती प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते आणि जुळवताना इतरांचे बोलणे, समोरचा फोटो, आजची मनःस्थिती तिच्यात मिसळते. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००२ मध्ये २० प्रौढांना त्यांचेच बालपणीचे फोटो दाखवले. त्यांतला एक खोटा होता. त्यात लहानपणीचा त्यांचा चेहरा गरम हवेच्या फुग्याच्या टोपलीत चिकटवलेला होता. दोन-तीन भेटींनंतर निम्म्या लोकांना कधीच न घडलेली ती फुग्याची सफर थोडीफार ‘आठवू’ लागली. आता तर पुसट फोटो ‘स्वच्छ’ करणारी अ‍ॅप घरोघरी आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता धूसर चेहऱ्यावर अंदाजाने नाक-डोळे भरते आणि जो मुलगा वर्गात कधी नव्हताच तो मागच्या रांगेत उभा राहतो. असा उजळलेला फोटो स्मरणिकेत घालायचा तर मूळ फोटोही शेजारी ठेवावा. मूळ फोटोची प्रत खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढावी आणि त्याच्या मागे काही लिहिलेले असेल तर त्या बाजूचीही काढावी. साल आणि नावे पुष्कळदा तिथेच सापडतात.

आठवणी गोळा करण्याचीही एक रीत आहे. गटावर कुणी बोलका मित्र सहलीची गोष्ट रंगवून सांगतो आणि दहा जण ‘हो, अगदी अस्सेच!’ म्हणतात. तिथेच उरलेल्या दहा आठवणी गळून पडतात. सगळ्यांनी मिळून आठवायला बसलेला गट, तेवढीच माणसे एकेकटी बसून जितके आठवतात त्यापेक्षा एकूण कमी आठवतो, हे प्रयोगांत दिसले आहे. एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा शोध तुटतो आणि एकाची चूक सगळ्यांची आठवण होऊन बसते. म्हणून गटावरच्या गप्पा वाचण्याआधी प्रत्येकाने आपली आठवण एकट्याने लिहावी, चार ओळी का होईना, आणि मग पाठवावी. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही छापाव्यात. त्यासाठी भांडण करण्याचे कारण नाही.

न जुळणाऱ्या आठवणींतच काही जणांचे दुखणे असते. जे टोपणनाव वर्गाला आजही गमतीचे वाटते, ते ज्याला ठेवले होते त्याच्या रंगावरून, तोतरेपणावरून किंवा जातीवरून पडलेले असते. छडीचे किस्से हसत सांगितले जातात, पण रोज मार खाणाऱ्याला ते हसू येत नाही. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने बंदी घातली. ही बॅच त्याच्या फार आधीची. अशी माणसे गटात सामील होतात, काहीच लिहीत नाहीत आणि एक दिवस शांतपणे बाहेर पडतात. त्यांना ‘भाव खातो’ म्हणण्यापूर्वी संपादकांनी टोपणनावाच्या मालकाला एक फोन करावा. फोटोत जे दिसतात त्यांनाही छापण्याआधी विचारावे. नको म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे.

आणि जे फोटोतच नाहीत त्यांचे काय? त्या काळी ग्रुप फोटोची प्रत विकत घ्यावी लागे आणि ते पैसे प्रत्येक घरात नव्हते. फोटोच्या दिवशी कुणी शेतावर गेलेले होते, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी. आठवी-नववीत शाळा सुटलेली मुले आणि दहावीला नापास झालेली मुले ‘बॅच’ या शब्दातच बसत नाहीत. मुलींचे हरवणे आणखी सोपे. लग्नानंतर आडनाव बदलले, कित्येकींचे नावही बदलले, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात लिहिलेली मुलगी आज कोणत्या नावाने कुठे राहते हे गटातल्या कुणालाच ठाऊक नसते. यादीत तिच्यापुढे ‘संपर्क नाही’ असे लिहून काम संपवले जाते.

हा प्रश्न नुसत्या हळहळीचा नाही, आरोग्याचाही आहे. २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांची सामाजिक नाती भक्कम होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक दिसली. स्मृतिभ्रंशाचे जे १४ धोके कमी करता येण्याजोगे आहेत असे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये म्हटले, त्यांत माणसांपासून तुटणे हाही एक आहे. एका संध्याकाळच्या जेवणाने कुणाचे आयुष्य वाढत नाही, हे खरे. पण पन्नाशीनंतर मुले परगावी जातात, निवृत्ती जवळ येते, एखाद्याचा जोडीदार जातो. त्या वेळी ‘अगं, तू दुसऱ्या बाकावरची ना?’ असे विचारणारा एक फोन पुढच्या कित्येक फोनांची सुरुवात ठरू शकतो. ज्यांना त्याची सर्वाधिक गरज असते तेच अनेकदा यादीबाहेर राहतात.

तेव्हा स्मरणिकेच्या समितीने फोटोंच्या आधी हजेरीपट हाती घ्यावा. शाळेत जाऊन जनरल रजिस्टर पाहण्याची परवानगी मागावी आणि पास-नापास न पाहता आठवीपासूनची नावे उतरवून घ्यावीत. मुलींचा शोध त्यांच्या मैत्रिणींकडे सोपवावा. माहेरच्या भावाकडून नंबर मिळतो, आणि मैत्रिणीने केलेला फोन सासरी अवघडल्यासारखा होत नाही. जी नको म्हणेल तिला पुन्हा विचारू नये. जे हयात नाहीत त्यांच्या घरच्यांना तो फोटो नेऊन द्यावा. आपला बाप पंधराव्या वर्षी कसा दिसत होता हे त्यांच्या मुलांनी कदाचित कधी पाहिलेले नसेल. आणि फोटोखाली नावे छापताना, डावीकडून तिसऱ्याच्या नावानंतर, ‘छायाचित्रात नसलेले’ असे लिहून उरलेली सगळी नावेही छापावीत.