घरच्या घरी विज्ञान : विहारातला दिवा आपोआप का लागला?



महाडहून दर रविवारी आम्ही पोलादपूरकडच्या एका वाडीत मुलांचा वर्ग घ्यायला जातो. तिथल्या बुद्ध विहारात मुलांनी दुरून लागणारा दिवा तयार केला. ४३३ मेगाहर्ट्झचा छोटा रिमोट आणि त्याचा रिसीव्हर बाजारात तयार मिळतो. रिसीव्हरमधून येणारा प्रवाह अगदी थोडा असतो. तो बीसी ५४७ ट्रान्झिस्टरला द्यायचा. ट्रान्झिस्टर रिले ओढतो आणि रिले दिवा लावतो. रिलेच्या कॉइलवर एक डायोड उलटा जोडावा, नाहीतर रिले सुटताना उसळणाऱ्या दाबाने ट्रान्झिस्टर जळतो. एरियलला १७ सेंटिमीटर वायर पुरते. दिवा बॅटरीवरचा १२ व्होल्टचाच घ्यावा. घरातल्या २३० व्होल्टला मुलांनी हात लावू नये.

आठवड्याने निरोप आला : रिमोट कपाटात असतानाही दिवा आपोआप लागतो! वाडीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, भगताला बोलवा. दोन मुलींना तर घरून वर्गाला यायची बंदी झाली. आम्हाला फार वाईट वाटले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही समजूत २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर मोडली. आणि आपण शेजारच्या पोलादपुरात भगत शोधायचा?

आम्ही मुलांना एवढेच सांगितले, दिवा लागण्याच्या वेळा वहीत लिहा. तीन दिवसांत उलगडा झाला. शेजारच्या बांधकामावर पाण्याचा पंप रिमोटने सुरू करत होते, आणि नेमका त्याच वेळी आपला दिवा लागत होता!

अशा रिमोटच्या चिपला पत्त्याच्या आठ पिना असतात. प्रत्येक पिन धनाला जोडावी, ऋणाला जोडावी किंवा मोकळी सोडावी. असे ६५६१ पत्ते होतात. दोन्हीकडे सगळ्या पिना मोकळ्याच होत्या, म्हणजे दोन घरांना एकच पत्ता! मुलांनी आपल्या रिमोटच्या आणि रिसीव्हरच्या दोन-दोन पिना सारख्याच बदलल्या. पुन्हा पंप सुरू करून पाहिला. दिवा लागला नाही.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. यात भूत कुठले?

पुढच्या रविवारी त्या दोन्ही मुली आल्या. एकीची आजीही आली. तिने स्वतः बटण दाबून पाहिले. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. पालकहो, मुलांनी ‘का?’ विचारले तर त्यांना गप्प बसवू नका. हातात वही द्या.