शिक्का कुणाच्या हाती?

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका २४ सप्टेंबर २०१७ रोजी झी मराठीवर सुरू झाली आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी संपली. तिचे नाव निघाले की प्रेक्षकांना आठवतो तो अखेरचा टप्पा: संगमेश्वरची कैद, औरंगजेबाची छावणी, शंभूराजांचे बलिदान. ते स्वाभाविकच आहे. मात्र त्या अश्रूंच्या ओघात मालिकेतील एक शांत प्रसंग विस्मरणात गेला. संभाजी महाराज येसूबाईंना कुलमुखत्यार नेमतात आणि ‘श्री सखी राज्ञी जयति’ हा शिक्का त्यांच्या स्वाधीन करतात, तो हा प्रसंग. अमोल कोल्हे आणि प्राजक्ता गायकवाड यांनी तो साकारला. तेथे तलवारीचा खणखणाट नाही आणि रक्तपातही नाही. कदाचित म्हणूनच त्याची चर्चा झाली नाही.

वास्तविक संपूर्ण मालिकेचे मर्म याच प्रसंगात आहे. दैनंदिन मालिकांनी मराठी घराला वर्षानुवर्षे काय दाखविले? तिजोरीच्या किल्ल्यांसाठी झगडणाऱ्या सासवा-सुना, कारस्थाने आणि दाराआडची कुजबुज. स्त्रीला सत्ता हवी असेल तर ती कपटानेच मिळवावी लागते, हा त्या कथानकांचा अध्याहृत सिद्धांत. येथे मात्र पती स्वतः होऊन पत्नीला राज्यकारभाराचा अधिकार देतो आणि तिला ‘सखी’ म्हणतो. आपल्या परंपरेतील सहधर्मचारिणी ही संकल्पना व्याख्यानातून जेवढी उमगत नाही, तेवढी या एका दृश्यातून उमगते.

हा विश्वास किती सार्थ होता, याची साक्ष इतिहासाने दिली. १ फेब्रुवारी १६८९ रोजी महाराज पकडले गेले. रायगडावर येसूबाई होत्या आणि त्यांचा पुत्र शाहू जेमतेम सहा वर्षांचा होता. त्याला गादीवर बसवून स्वतः सूत्रे हाती ठेवणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांनी दीर राजारामांना पुढे केले आणि स्वराज्याचा लढा चालू राहावा म्हणून त्यांना गडाबाहेर पाठविले. स्वतः मुलासह गडावर राहिल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. शाहू १७०७ मध्ये सुटले. येसूबाई १७१९ मध्ये परतल्या. जवळजवळ ३० वर्षांची ती कैद होती. पुत्रमोहापेक्षा राज्य श्रेष्ठ मानणारा हा निर्णय एका दिवसात जन्मला नाही. महाराज मोहिमांवर असताना राज्याचा भार वाहण्याचा जो अनुभव त्यांना मिळाला होता, त्यातून तो आला. अधिकार संकटाच्या आधी दिला गेला होता, म्हणूनच संकटात तो पेलता आला.

आता वर्तमानाकडे वळू. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट हे गाव घ्या, किंवा महाराष्ट्रातील कोणतेही गाव घ्या. भूम तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. दुभत्या जनावरांच्या आधारे चालणाऱ्या अशा संसारात स्त्रीच्या श्रमावाचून काही चालत नाही, हे कुणी सांगावे लागत नाही. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींमध्ये महिलांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केले. तरीही ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्या भाषेत रुजला, ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे काय? सही तिची असते आणि निर्णय त्याचा. शिक्का कागदोपत्री तिच्या नावावर, प्रत्यक्षात त्याच्या खिशात!

‘बायकांना कारभारातले काय कळते?’ असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. कारभार करू दिल्याशिवाय तो कळणार कसा? येसूबाईंना तो कळला, कारण त्यांना तो करू दिला गेला. १९३६ मध्ये वर्धा येथे स्थापन झालेल्या राष्ट्र सेविका समितीने जिजाबाई, अहल्याबाई आणि राणी लक्ष्मीबाई हे मातृत्व, कर्तृत्व आणि नेतृत्व यांचे आदर्श मानले. येसूबाई या मालिकेत सहज शोभतील, कारण त्यांच्या ठायी हे तिन्ही गुण होते आणि त्यांवर कळस होता तो त्यागाचा.

ज्यांच्या घरात शिवछत्रपतींची तसबीर आहे आणि ज्यांच्या मुखी शंभूराजांचा जयघोष आहे, त्यांच्यावर या बाबतीत अधिक जबाबदारी येते. बलिदानाचे स्मरण डोळे ओले करते, परंतु शिक्क्याच्या त्या प्रसंगाचे स्मरण आचरण मागते. ग्रामसभेत पत्नी अध्यक्षस्थानी असताना पतीने समोर सतरंजीवर बसावे, तिला बोलू द्यावे आणि चुकली तर शिकू द्यावे. शंभूभक्तीची ही साधी कसोटी आहे. ती आपल्या कार्यकर्त्यांच्या घरापासूनच लागू व्हावी.